पाकिटात शिरलेली ओल

प्लास्टिकमधून पाणी आरपार जातं, हे लोकांना पटत नाही. माझी अख्खी नोकरी ते पटवण्यात गेली.

बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत असलेल्या आमच्या प्रयोगशाळेत एकदा केळ्याचे वेफर्स करणारे एक गृहस्थ आले होते. त्यांचे वेफर्स दुकानात पोचेपर्यंत मऊ पडायचे. मी म्हटलं, तुमच्या पिशवीतून ओल आत शिरते. त्यांनी माझ्याकडे जरा दयेनंच बघितलं, बाहेरच्या नळावर जाऊन तीच पिशवी पाण्यानं भरून आणली आणि माझ्या टेबलावर उंच धरली. "बघा मॅडम, एक थेंब तरी गळतोय का?" गळत नव्हता. थेंब गळण्याएवढं भोक असतं तर ते त्यांनाही दिसलं असतं, त्यासाठी माझी गरज नव्हती. पाणी जातं ते वाफेच्या रूपानं. हवेतली ओल पिशवीच्या पातळ प्लास्टिकच्या, म्हणजे फिल्मच्या, एका अंगाला लागते, तिच्यात मुरते आणि हळूहळू दुसऱ्या अंगानं बाहेर पडते. हवेतला प्राणवायूही तसाच जातो. कुठल्या फिल्ममधून दिवसाला किती ओल आणि किती वायू जातो, ते मोजायचं, एवढंच माझं काम होतं. वेफर्स मऊ का पडले, कॉफीचा वास का उडाला, शेंगदाणे खवट का झाले, या सगळ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथंच सापडायचं. त्या गृहस्थांनी पुढे पिशवी बदलली. दर गणपतीला वेफर्सचा पुडा पाठवायचे. कुरकुरीत असायचे.

मी निपाणीकडची. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दोन्ही. रसायनशास्त्र शिकून बंगळुरात आले आणि पीण्यातच निवृत्त झाले. तिथं सगळे मला हुक्केरी मॅडम म्हणत. आजूबाजूला लेथ आणि प्रेसचे कारखाने, दिवसभर धडधड, आणि मधेच आमची दोन मजली प्रयोगशाळा, जिथं मोठ्यानं शिंकायचीही चोरी, कारण शेजारी तराजू.

पद्धत ऐकायला सोपी आहे. ॲल्युमिनियमचा पसरट कप घ्यायचा. त्यात ओल शोषून घेणारी कोरडी पूड भरायची. वर फिल्मचा गोल तुकडा बसवून कडा वितळलेल्या मेणानं बंद करायच्या. मग तो कप एका उबदार, दमट कपाटात ठेवायचा. रोज बाहेर काढून वजन करायचं. वजन जेवढं वाढलं तेवढं पाणी फिल्ममधून आत गेलं. नंतर आमच्याकडे यंत्रं आली, कप कमी झाले. पण यंत्रालाही थांबावं लागतं. फिल्ममध्ये ओल नीट मुरेपर्यंत जो आकडा मिळतो तो खोटा असतो. गिऱ्हाईक रोज फोन करून विचारतं, "झालं का?" आणि आपण रोज सांगतो, "अजून वाढतंय."

या नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी गमतीच्या आहेत. पण या अंकासाठी लिहायला बसले आणि डोळ्यापुढे आली ती अंबिका.

ती वडिलांबरोबर आली होती. वडील शंकरराव, चामराजपेटेत शिवणकाम करणारे. शाळांचे गणवेश शिवायचे. त्यांच्या चार पिढ्या बंगळुरात गेलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी अर्धी कन्नडच. दारातूनच म्हणाले, "अक्का, स्वल्प वेळ द्या. पोरगी ऐकत नाही. म्हणते, तिथंच जायचं."

अंबिका सव्वीस-सत्तावीसची असेल. एका प्राथमिक शाळेत गणित शिकवायची. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा ताजा डाग होता. तिनं पर्स उघडून गोळ्यांच्या दोन पट्ट्या माझ्यासमोर ठेवल्या. एक दोन्ही बाजूंनी चांदीसारखी, आतली गोळी न दिसणारी. दुसरी एका बाजूनं पारदर्शक, गोळ्या काचेखाली ठेवल्यासारख्या.

"कंपनी तीच, मॅडम. औषध तेच. पाकीट बदललंय," ती म्हणाली.

तिला लहानपणापासून फिट्स येत. योग्य गोळी मिळाल्यावर थांबल्या. कॉलेज झालं, नोकरी लागली, तिला काही आजार आहे हे शेजारीही विसरून गेले होते. आणि गेल्या काही महिन्यांत फिट्स परत सुरू झाल्या. एकदा वर्गात, मुलांसमोर. एकदा स्वयंपाकघरात, सांबाराचं पातेलं हातात असताना. शाळेनं सांगितलं, बरं वाटेपर्यंत घरीच राहा. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रक्तात औषध कमी. ते म्हणाले, गोळ्या चुकवतेयस.

"मी चुकवत नाही," अंबिका म्हणाली. आवाज चढवला नाही, पण वाक्य सारखं सारखं बोलून गुळगुळीत झाल्यासारखं वाटलं.

शंकरराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "हल्ली मुलं विसरतात, अक्का. मोबाईलमध्ये लक्ष. आता मी स्वतः समोर बसून देतो."

"गोळी गिळली का ते बघायला अप्पा माझं तोंड उघडायला लावतात," ती म्हणाली. "जीभसुद्धा वर करायला लावतात."

मग तिनं विचारलं, "दोन ग्लास पाणी मिळेल?"

आमचा मंजुनाथ, जो माझ्याबरोबर कित्येक वर्षं यंत्रं सांभाळत होता, तो दोन काचेचे ग्लास घेऊन आला. अंबिकानं एकात चांदीच्या पट्टीतली गोळी टाकली. अडीअडचणीला म्हणून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलेली ती शेवटची जुनी पट्टी होती. दुसऱ्या ग्लासात नवीन पट्टीतली टाकली. जुनी गोळी आमच्या डोळ्यांदेखत फुगली, भेगाळली आणि तळाशी पांढरा चुरा होऊन बसली. नवीन गोळी खडीच्या तुकड्यासारखी तशीच पडून राहिली. आमचा चहा येऊन पिऊन झाला तरी तशीच.

"मला सकाळी अर्धी घ्यावी लागते. पूर्वी बोटांनी चट्कन मोडायची. आता सुरीनं कापावी लागते," ती म्हणाली. "डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, कंपनी चांगली आहे. शाळेत सांगितलं तर म्हणाले, असं कुठं असतं का. पाकिटं तपासणारी लॅब आहे असं कळलं, म्हणून आले."

काही औषधं अशी असतात. ओल लागली की आतून घट्ट होत जातात आणि पोटात विरघळायचं नाव घेत नाहीत. गोळी दिसायला तीच, रंग तोच, वर छापलेली तारीखही पुढची. पण पोटात गेली तरी औषध रक्तात उतरत नाही. म्हणूनच अशा गोळ्या ॲल्युमिनियमच्या पाकिटात घालतात. चांगल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून ओल जवळजवळ जातच नाही. पारदर्शक फिल्म वापरायची असेल तर तिच्यावर ओल अडवणारा थर हवा. तो थर डोळ्यांना दिसत नाही. मोजावा लागतो.

मी तिला म्हटलं, "या गोळ्या आजपासून घेऊ नकोस. आज इथून थेट डॉक्टरांकडे जा, हे दोन ग्लास त्यांनाही करून दाखव आणि दुसऱ्या कंपनीची गोळी लिहून घे. मोजायचं ते मी मोजते, पण त्याला वेळ लागेल. त्यासाठी थांबू नकोस."

"आणि तुमचा रिपोर्ट आला की मी तो शाळेत दाखवू शकते?"

"हो."

ती पहिल्यांदा हसली. शंकरराव ग्लासात बघत होते. उठताना त्यांनी तो ग्लास हलवून पाहिला. गोळी काचेवर आपटून वाजली.

आमचे मालक कामत सर. माणूस वाईट नव्हता, पण ती औषध कंपनी आमची गिऱ्हाईक होती. त्यांच्या पारदर्शक फिल्मचा नमुना आमच्याकडेच तपासलेला होता आणि उत्तम पास झालेला होता. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपण मोजलेली फिल्म चांगली होती ना?"

"होती. पण दुकानातल्या पट्टीवर तीच आहे का, ते बघायचंय."

"एका पोरीच्या सांगण्यावरून?"

"दुकानातून पट्ट्या मी स्वतः विकत आणते. मग झालं?"

त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं. "कर," म्हणाले. "रिपोर्टवर कंपनीचं नाव घालू नकोस. ग्राहकानं दिलेला नमुना, एवढंच लिही." ते आमच्या नेहमीच्या पद्धतीला धरूनच होतं. प्रयोगशाळा जे हातात येतं त्याचंच सांगते. बाहेर दुकानात काय आहे, ते तिला माहीत नसतं. आमच्या प्रत्येक अहवालाच्या तळाशी तसं बारीक अक्षरात छापलेलं असे. तोवर त्या ओळीनं मला कधी त्रास दिला नव्हता.

मी मल्लेश्वरम, चिकपेट आणि चामराजपेटेतून वेगवेगळ्या दुकानांतून पट्ट्या आणल्या. मंजुनाथनं त्यांची सपाट फिल्म कापून कपांवर बसवली. काही पट्ट्या अख्ख्या, न फोडता कपाटात ठेवल्या, कारण फिल्म गरम करून तिच्यात गोळीसाठी खळगा पाडतात तेव्हा ती कोपऱ्यात पातळ होते आणि खरा दगा तिथं होतो. दुसऱ्याच वजनाला मंजुनाथ म्हणाला, "मॅडम, हे तर चाळण आहे." पण दोन वजनांवर अहवाल देता येत नाही. वाढ रोज सारखी व्हायला लागली पाहिजे, आलेखावरची रेघ सरळ आली पाहिजे. नाहीतर कंपनीचा कुणीही हुशार माणूस तो कागद दोन मिनिटांत फाडून टाकेल.

अंबिकाचा अधूनमधून फोन यायचा. डॉक्टरांनी ग्लासाचा प्रयोग बघितला होता. आधी वैतागले, मग गप्प झाले आणि गोळी बदलून दिली. फिट्स कमी झाल्या होत्या, थांबल्या नव्हत्या. एकदा बांध फुटला की पाणी लगेच आवरत नाही, असं काहीसं डॉक्टर म्हणाले म्हणे. ती रिपोर्टचं विचारायची, पण घाई करायची नाही. एकदा म्हणाली, "मुलांना आलेख शिकवायचा होता मॅडम, तेवढ्यात मला घरी बसवलं. तुमची ती वजनाची रेघ मला द्याल? पुढच्या वर्षी वर्गात दाखवीन."

मी म्हटलं, "देते की."

तिच्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

शंकररावांचा फोन मंजुनाथनं घेतला. मी तराजूपाशी होते. तो येऊन माझ्या शेजारी उभा राहिला आणि वजन लिहून होईपर्यंत थांबला. मग कन्नडमध्ये म्हणाला, "मॅडम, ती मुलगी गेली." सकाळी आंघोळीला गेली होती. फिट आली. बादलीपाशी पडली. आतून कडी लावलेली होती. दार फोडेपर्यंत उशीर झाला.

कप कपाटात होते. ते काढायचे की ठेवायचे, हे मंजुनाथनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं नेहमीच्या वेळी ते बाहेर काढले, मी वजन केलं. रेघ सरळ यायला लागली होती.

कंपनीचं पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते. आमच्याकडे पास झालेल्या फिल्मवर तो अडवणारा थर होता. दुकानातल्या पट्ट्यांवर तो नव्हताच. साधी, स्वस्त फिल्म. कामत सरांनी आकडे बघितले, दार लावून घेतलं आणि कंपनीच्या गुणवत्ता विभागातल्या माणसाला फोन लावला. तो माणूस म्हणाला की मध्ये फिल्मचा पुरवठा अडला होता, तात्पुरती दुसरी वापरली. तात्पुरती म्हणजे किती महिने, ते त्यानं सांगितलं नाही. थोड्या आठवड्यांत दुकानांतून त्या पट्ट्या दिसेनाशा झाल्या आणि चांदीची पाकिटं परत आली. वर छापलं होतं, नवीन सुरक्षित पॅकिंग. मी औषध खात्याला सगळे आकडे जोडून लिहिलं. त्यांचा माणूस येऊन नमुने घेऊन गेला, पण तोवर बाजारात चांगलीच पाकिटं होती, त्यामुळे नमुने पास झाले. त्यांचंही खोटं म्हणता येणार नाही. त्यांनी त्यांच्या हातात आलं ते तपासलं. कंपनीनं आमच्याकडे काम पाठवणं बंद केलं. कामत सरांनी मला त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. पण त्या महिन्यांत ती गोळी घेणारे बाकीचे लोक कोण होते, त्यातल्या कितीजणांना घरच्यांनी गोळी चुकवतोस म्हणून दटावलं, कोण कुठं पडलं, ते कुणी शोधलं नाही. कुठल्या कपात घालून ते मोजायचं, ते मलाही माहीत नाही.

तेरावं झाल्यावर शंकरराव आले. डोक्यावरचे केस काढलेले, गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहिलेली. बहुधा दुकानातून तसेच उठून बस पकडली असावी. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "रिपोर्ट तयार झाला का, अक्का?"

मी अहवाल त्यांच्यापुढे ठेवला. इंग्रजीत होता. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. "हे पुष्कळ की कमी?"

"पुष्कळ. जुन्या पाकिटात वर्षभरात जेवढी ओल गेली नसती, तेवढी यात काही दिवसांत जात होती."

"म्हणजे गोळी खराब होती."

"पाकीट खराब होतं. त्यामुळे गोळी दगड झाली."

"म्हणून ती गेली."

ती गेली तेव्हा दुसऱ्या कंपनीच्या गोळ्या घेत होती. त्या खराब गोळ्यांनी किती बिघडवलं आणि आजारानं आपण होऊन किती, हे सांगायचं शास्त्र माझ्याकडे नव्हतं. मी म्हटलं, "तेवढं मला सांगता येत नाही, शंकरराव. फिट्स परत सुरू झाल्या त्या याच्यामुळे, असं मला वाटतं. माझ्या यंत्राला विचाराल तर ते फक्त फिल्मचं सांगेल."

"सरी, बरं," ते म्हणाले. कागदाची घडी घातली, परत उघडली. "हे घरी कुणाला वाचता येणार नाही. अंबिकाच्या आईला कन्नडच वाचता येतं. मराठी आम्ही बोलतो तेवढीच. दोन ओळी कन्नडमध्ये लिहून द्याल? खाली सही करा. शिक्का असला तर शिक्का मारा. हिच्या बहिणी, शेजारी, सगळे अजून म्हणतात, पोरगी औषध नीट घेत नव्हती."

मी कोरा कागद घेतला. कन्नडमध्ये लिहिलं: गोळ्यांच्या पाकिटातून ओल आत शिरत होती. त्यामुळे गोळ्या निकामी झाल्या होत्या. इथपर्यंत माझ्याकडे पुरावा होता. पेन टेकवून थोडा वेळ थांबले. मग खाली लिहिलं: अंबिका गोळ्या नेमानं घेत होती. सही केली. शिक्का मारला. कामत सरांना विचारलं नाही.

शंकररावांनी कागद डोळ्यांजवळ धरून हळूहळू, शाळेतल्या पोरासारखं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला अडखळले, परत पहिल्यापासून वाचलं आणि पुन्हा तिथंच थांबले.

"हे मशीननं सांगितलं?"

"नाही. तिनं सांगितलं होतं. त्या दिवशी, तुमच्यासमोर."

बाहेर कारखान्यांची जेवणाची शिट्टी झाली आणि लोक रस्त्यानं बोलत जायला लागले.

"मलाही सांगायची, अक्का," ते म्हणाले. "रोज सांगायची."